घरच्या फोटो प्रिंटरमधून खरे रंग : एक पावसाळा आणि एक लग्नसराई उलटल्यावर

सहा शाईंचा, ए-फोर आकाराचा टँकवाला फोटो प्रिंटर आमच्या घरी आला तो गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर. त्यानंतर घरातलं एक लग्न, त्याचे अल्बम, नातेवाइकांना वाटलेले फोटो, भिंतीवरच्या फ्रेमा असं भरपूर काम त्याच्याकडून झालं. लॅबसारखे रंग येतात का, असं जो तो विचारतो. येतात. हळदीचा पिवळा आणि झेंडूचा केशरी तर मला लॅबपेक्षा उजवे वाटले. मात्र त्यासाठी प्रिंटरच्या आधीची सगळी साखळी जुळवावी लागते, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

प्रिंट काळपट येते, ही सर्वांची पहिली तक्रार. बहुतेक वेळा प्रिंटरचा तिच्याशी काही संबंध नसतो. नवा मॉनिटर २५० ते ३५० निट्सच्या (निट म्हणजे उजळपणाचं माप) प्रखरतेवर लावलेला असतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही, अंगावर पडेल तेवढाच तो परत देतो. हिशेब केला तर ५०० लक्स (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेडात पांढरा कागद साधारण १४० निट्स भरतो. रात्री दिवाणखान्यात १५०-२०० लक्स असले, तर तोच कागद जेमतेम पन्नासच्या घरात. म्हणजे स्क्रीन कागदाच्या पाच-सहा पट उजळ! अशा स्क्रीनवर फोटो डोळ्यांना बरा वाटेपर्यंत आपण तो गडद करत जातो आणि प्रिंट अंधारी निघते. मी मॉनिटर १०० निट्सवर आणला, पांढऱ्याची छटा दिवसाच्या उजेडासारखी, ६५०० केल्विनवर, आणि मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा गॅमा २.२. रात्री आपोआप पिवळी होणारी स्क्रीनची सोय कायमची बंद केली. सुरुवातीला सगळं मिणमिणतं वाटतं, मग डोळा सरावतो. या एका बदलानं जेवढा फरक पडला, तेवढा पुढच्या कुठल्याच खर्चानं पडला नाही.

हे आकडे अंदाजानं लावता येत नाहीत, त्यासाठी कॅलिब्रेटर हवा. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं छोटं यंत्र स्क्रीनवर टेकवून ठेवायचं. ते एकेक रंगाचा तुकडा मोजतं आणि त्या मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंगांची नोंदवही, बनवतं. अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांनी १९९३ मध्ये एकत्र येऊन ही पद्धत ठरवली. त्यामुळेच वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं रंगाच्या बाबतीत एकमेकांचं म्हणणं समजू शकतात. प्रोफाइल म्हणजे या यंत्रावर अमुक आकडा दिला की प्रत्यक्षात कोणता रंग उमटतो, याची नोंद. स्क्रीनची एक, आणि प्रिंटर, शाई व कागद या तिघांची मिळून दुसरी. कागद बदलला की ती दुसरी नोंद निकामी.

प्रिंट देताना गोंधळ होतो तो इथेच. रंग कोणी सांभाळायचे, सॉफ्टवेअरनं की प्रिंटरच्या ड्रायव्हरनं (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं), हे आपण ठरवायचं आणि ते काम एकाकडेच ठेवायचं. मी फोटोशॉपकडे देते, तिथे कागदाचं प्रोफाइल निवडते आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद करते. दोन्ही चालू राहिल्या तर रंग दोनदा बदलतो आणि चेहरे लालबुंद होतात. फाइल सीएमवायके (छापखान्याच्या चार शाईंच्या पद्धतीची) करून ठेवण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. घरच्या इंकजेटला तो लागू नाही, ड्रायव्हरला आरजीबीच (लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीची फाइल) हवी असते. मोबाइलच्या अ‍ॅपवरून थेट दिलेल्या प्रिंटवर तर मी रंगाची परीक्षा करतच नाही. तिथे आपल्या हातात काहीच नसतं.

आता साडीची गोष्ट. लग्नात आत्यानं नेसलेली डाळिंबी पैठणी, मोरपिशी काठ. प्रिंट काढली आणि रात्री एलईडीखाली पाहिली तर डाळिंबी विटकरीकडे झुकलेला. आत्या म्हणाली, "अगं, हा माझ्या साडीचा रंगच नव्हे." सकाळी उत्तरेच्या खिडकीत तिनं पदर उलगडून प्रिंटशेजारी धरला, आणि डाळिंबी तंतोतंत जुळला. प्रिंट तीच, बदलला होता फक्त उजेड. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात गडद लाल फार कमी असतो, म्हणून असे रंग त्याखाली मरतात. शिवाय रेशमाचा रंग आणि शाईचा रंग एका उजेडात जुळले म्हणून दुसऱ्यात जुळतीलच असं नाही. तेव्हापासून टेबलावर सीआरआय (रंग किती खरे दाखवतो याचं शंभरपैकी माप) ९० च्या वरचा, ५००० केल्विनचा दिवा लावलाय आणि प्रिंट त्याखालीच पारखते. काठाचा मोरपिशी मात्र खिडकीतही थोडा दबलेलाच राहिला. रेशमाची ती झळाळी, बघण्याच्या कोनाबरोबर सरकणारी छटा, कागदावर उतरत नाही. तिथे प्रिंटरला बोल लावण्यात अर्थ नाही. स्क्रीनवरचा भडक निळा आणि चमकता पोपटी यांचंही तेच, तो आवाकाच या शाईंना नाही. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल याची स्क्रीनवरची झलक, लावून आधी पाहिलं की कुठला रंग कागदावर मावणार नाही ते कळतं आणि तेवढाच भाग हळूच खाली आणता येतो.

कागदाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: एकच निवडा आणि त्यालाच धरून राहा. मी २६० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) आरसी सॅटिनवर, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या मंद चमकीच्या फोटो कागदावर, स्थिरावले. स्वस्त १८० जीएसएम ग्लॉसी वाटण्याच्या फोटोंना ठीक आहे, पण पावसाळ्यात तो दमट होऊन वाकतो आणि काळ्याला खोली येत नाही. पाकीट उघडलं की सिलिका जेलच्या पुड्यांसकट झिपच्या पिशवीत ठेवते. सोबत आलेलं तयार प्रोफाइल बरं होतं, पण सावल्या किंचित हिरवट दिसत. मग छापलेला रंग मोजणारं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, असलेल्या एका प्रिंटिंगवाल्याकडून याच शाई-कागदाचं प्रोफाइल बनवून घेतलं. रंगीत चौकटींचा तक्ता रंगदुरुस्ती बंद ठेवून छापायचा, दिवसभर सुकू द्यायचा आणि मग मोजायला द्यायचा. त्यानंतर गव्हाळ त्वचा पहिल्यांदा गव्हाळ दिसली. बाजारातली सुटी शाई भरायची असेल तर हा सगळा खटाटोप नव्यानं करावा लागेल, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

रंग अचानक बिघडला तर सेटिंगला हात लावण्याआधी नोझल चेक काढा, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी रेषांची जाळी छापा. एप्रिलच्या कोरड्या उन्हात प्रिंटर दोन-तीन आठवडे बंद होता, नंतर चेहरे हिरवट येऊ लागले. फिक्या मजेंटाच्या जाळीत दोन रेषा तुटल्या होत्या, इतक्या पुसट की भिंगाशिवाय दिसल्या नसत्या. पिवळ्याची तुटलेली रेष तर पांढऱ्या कागदावर ओळखूच येत नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या स्क्रीनवर गडद निळा रंग भरून त्याचा उजेड कागदावर टाका, पिवळ्या रेषा काळ्या दिसतात. एकदा हेड क्लीनिंग (छिद्रं साफ करण्याची प्रिंटरची सोय) केलं की पुरतं. वारंवार करत बसलं तर शाई नुसती टाकाऊ पॅडमध्ये जाते. आता आठवड्याला एक रंगीत फोटो काढतेच.

एक उणीव मात्र राहिली आहे. आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करून छापला, तेव्हा राखाडी दिवसा बरोबर आणि रात्री गुलाबीसर. या प्रिंटरात राखाडी शाई नाही, निळसर (सायन), मजेंटा आणि पिवळी शाई मिसळून तो राखाडी बनवतो, त्यामुळे उजेडागणिक झाक बदलते. कॅनन प्रो-३०० किंवा एप्सन पी-७०० अशा दहा शाईंच्या यंत्रांत वेगळी राखाडी शाई असते, पण त्यांची किंमत आणि शाईचा खर्च घरगुती वापराला झेपणारा नाही. म्हणून कृष्णधवल फोटो मी बाहेर पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईच्या) प्रिंटरवर काढून घेते. रंगीत फोटो फ्रेमेत लावायचे असतील तर प्रिंट पूर्ण एक दिवस उघडी सुकू देते, नाहीतर काचेवर आतून धुरकट थर येतो. माझ्या प्रिंटरातली डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) उन्हानं आणि हवेतल्या ओझोननं विटते, तेव्हा फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर लावत नाही. कॅलिब्रेटरचा खर्च एकट्यानं करायचीही गरज नाही. मॉनिटर महिन्या-दीड महिन्यातून एकदा मोजला तरी चालतो, त्यामुळे आमच्या फोटोवेड्या मैत्रिणींत एकच यंत्र फिरतं.