जर्मनीची पीआर फाइल: बी१ची घाई केली, घोडं पेन्शनच्या कागदापाशी अडलं

ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, जर्मनीत आलेल्यांना पीआरचं (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचं) २१ आणि २७ महिन्यांचं गणित पाठ असतं, त्यामुळे ते थोडक्यात उरकतो. नोव्हेंबर २०२३ पासून ए१ (अगदी प्राथमिक) जर्मन येत असेल तर नोकरी आणि पेन्शन वर्गणीचे २७ महिने लागतात; बी१ (मध्यम पातळी) असेल तर २१. त्याआधी ए१वाल्यांना ३३ महिने थांबावं लागायचं. गेलं वर्षभर मी या फाइलसोबत राहतोय, म्हणून हा वापरानंतरचा अनुभव. निमित्त अर्थातच आमच्या आउसलेंडर ऑफिसचं, म्हणजे परदेशी नागरिकांचे परवाने देणाऱ्या कचेरीचं, एक पत्र.

माझी नोकरी आणि ब्लू कार्ड दोन्ही ऑक्टोबर २०२३ पासूनचं. म्हणजे जून २०२५ अखेर २१ महिने भरले. जुलैमध्ये अर्ज ऑनलाइन टाकला, सगळी कागदपत्रं जोडली. नंतर बरेच आठवडे शांतता. मग पोस्टाने पत्र आलं: तुमच्या पेन्शन खात्याच्या उताऱ्यात फक्त १५ महिन्यांची वर्गणी दिसते, २१ महिन्यांचा पुरावा सादर करावा.

दर महिन्याला पगारातून ९.३ टक्के कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. एकही महिना चुकलेला नाही. मग सहा महिने गेले कुठे?

ज्यांना अजून गाठ पडली नसेल त्यांच्यासाठी: पेन्शन विम्याच्या या उताऱ्याला फेरझिखरुंग्सफेरलाउफ म्हणतात. आमच्या घरात त्याला फेरलाउफच म्हणतात, कारण पूर्ण नाव उच्चारेपर्यंत चहा निवतो. डॉइचं रेंटेनफेरझिखरुंग या सरकारी पेन्शन विमा संस्थेच्या साइटवरून तो फुकट मागवता येतो आणि पोस्टाने घरी येतो. मेख अशी की तुमची कंपनी तुमच्या पगाराची माहिती पेन्शनवाल्यांना दर महिन्याला नावानिशी कळवत नाही. पैसे दरमहा जातात, पण कोणाचे किती हा हिशेब साधारण वर्षातून एकदा जातो, आणि त्याची मुदत पुढच्या वर्षाच्या १५ फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे जुलै २०२५ मध्ये उतारा मागवला तर तो डिसेंबर २०२४ला संपणार. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२४, बरोबर १५ महिने. कोणाचंच काही चुकलेलं नाही, आणि तरी फाइल अडलेली.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. सहा महिने लवकर पीआर मिळावी म्हणून मी बी१ केलं. संध्याकाळचे क्लास, फी, शनिवारचा गृहपाठ, सगळं. समजा ऑफिस फेरलाउफवरच अडून बसलं, तर जानेवारी ते जून २०२५ चे महिने त्यात दिसायला फेब्रुवारी २०२६ उजाडणार. तोवर मला नोकरीत २८ महिने झालेले असतील. ए१वर शांत बसलेला माझा सहकारी डिसेंबर २०२५ मध्ये २७ महिने भरून त्याच फेब्रुवारीत, त्याच रांगेत, माझ्या शेजारी. त्याने क्लासवर एक युरोही खर्च केलेला नाही.

हेच तुम्ही एप्रिलमध्ये रुजू झाला असाल तर चित्र उलटं होतं. एप्रिल ते पुढच्या वर्षीचा डिसेंबर, २१ महिने चोख भरतात आणि फेब्रुवारीअखेर पूर्ण उतारा हातात पडतो. २७वाल्याचे महिने जूनअखेर भरतात आणि तो पुढच्या फेब्रुवारीकडे डोळे लावून बसतो. इथे बी१ने पूर्ण वर्षाचा फरक पडतो. म्हणजे बी१चे पैसे वसूल होणार की नाही, हे तुमच्या जर्मनपेक्षा तुम्ही कोणत्या महिन्यात रुजू झालात यावर ठरतं. सल्ला देणाऱ्या एकाही माणसाने मला हे सांगितलं नाही. सगळे डेर-डी-डास (जर्मन नामांची लिंगं) आणि परीक्षेतल्या निबंधाबद्दल बोलत होते.

बाकीचे घटक भराभर उरकतो, कारण त्यात दम नाही.

बी१ परीक्षा अवघड नाही. पुण्यात असताना बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात ए२पर्यंत झालं होतं, ते इथे कामी आलं. गोएथेच्या बी१मध्ये चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. ऐकणं सोडलं तर घाबरण्यासारखं काही नाही. ऐकण्यातले लोक रेल्वेच्या घोषणेपेक्षा स्पष्ट बोलतात, पण आमच्या भागात सगळे श्वाबिश ही बोली बोलत असल्याने शुद्ध जर्मन कानाला परकं वाटतं, हा वेगळाच ताप.

‘लेबेन इन डॉइचलांड’ (‘जर्मनीतलं जीवन’) ही सामान्यज्ञानाची परीक्षा म्हणजे फुकटातला आनंद. फुकट नाही, २५ युरो, पण तरी. ३३ प्रश्न, एक तास, पीआरसाठी १५ बरोबर आले की झालं. ३०० सामाईक आणि तुमच्या राज्याचे १० असे सगळे प्रश्न सरकारनेच जाहीर केलेले आहेत. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याचं चिन्ह कोणतं, तर तीन सिंहांचं. आमच्या बारावीच्या बोर्डाने असं केलं असतं तर अख्खी पिढी मेरिटमध्ये आली असती. काटकसरी लोकांसाठी एक गोष्ट: १५ वर थांबू नका, १७ मिळवा. तेच प्रमाणपत्र पुढे नागरिकत्वालाही चालतं आणि २५ युरो दुसऱ्यांदा भरावे लागत नाहीत. मात्र निकाल यायला आठवडे लागतात, तेव्हा ही परीक्षा सगळ्यात आधी देऊन टाका.

फोटो. मे २०२५ पासून कागदी फोटो बंद झाले. एकतर मान्यताप्राप्त ठिकाणी काढून क्यूआर कोड घ्यायचा, नाहीतर ऑफिसातल्या मशीनवर ६ युरोत काढायचा. मी डीएम या साबण-शाम्पूच्या दुकानात काढून क्यूआर घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंच्या संगणकाला तो उघडेना. सहा युरो गेलेच. रक्कम मोठी नाही हे मला कळतं. पण एकाच चेहऱ्याचे दोनदा पैसे का भरायचे, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

घराचा करार, विम्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा ही सगळी कारकुनी कामं. घर माणशी साधारण १२ चौरस मीटर हवं, तेवढं बहुतेकांकडे असतं. कंपनीच्या पत्रात मात्र दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: नोकरी कायमस्वरूपी आहे आणि नोटीस दिली-घेतलेली नाही. हे पत्र ताजं लागतं. म्हणजे मागितल्यावर लगेच मिळेल इतपत एचआरशी संबंध राखून ठेवा. प्रोबेशन संपायच्या आत अर्ज टाकू नका.

आता पेन्शनवाल्यांकडे परत येतो, कारण त्यांच्याबद्दलचं माझं मत मधल्या काळात बदललं.

पत्र आलं त्या रात्री मी त्यांना एक तारा दिला असता. शिवाय उताऱ्यासोबत त्यांनी एक जास्तीची चौकशी लावली होती: वयाच्या १७व्या वर्षापासूनचा काळ रिकामा दिसतो, तेव्हा तुम्ही काय करत होतात? काय करणार, बारावी, सीईटी, मग इंजिनिअरिंग. पण त्यांच्या फोनवर जी बाई भेटली तिने न कंटाळता दोन गोष्टी समजावल्या. एक, १७नंतरच्या शिक्षणाचा काळ खात्यात नोंदवून ठेवणं माझ्याच फायद्याचं आहे, पीआरशी त्याचा संबंध नाही, सावकाश भरा. दुसरी, चालू वर्षाची नोंद कंपनीकडून आल्याशिवाय त्या काहीही छापू शकत नाहीत, पण पगाराच्या स्लिपवर पेन्शन वर्गणीची ओळ असते आणि तो पुरावा आहेच. संभाषण पूर्ण जर्मनमध्ये झालं. बी१चे थोडे पैसे तिथे वसूल झाले असं म्हणायला हरकत नाही.

मग मी ऑफिसला उत्तर पाठवलं. सहा महिन्यांच्या स्लिपा, प्रत्येकीवर पेन्शनची ओळ पिवळ्या मार्करने रंगवलेली, कंपनीच्या पगार विभागाचं एका परिच्छेदाचं पत्र की या काळात वर्गणी अखंड भरली आहे, आणि रहिवास कायद्याचं कलम. कलम १८सी. त्यात ‘वर्गणी भरलेली असावी’ असं म्हटलंय, ‘फेरलाउफमध्ये दिसावी’ असं नाही. हे वाक्य मी कव्हर लेटरमध्ये अतिशय नम्रपणे लिहिलं. आमच्या ग्रुपवर काहींनी सुचवलं की तीन महिने निर्णय नाही आला तर कोर्टात दिरंगाईचा दावा ठोक. तरतूद खरी आहे. पण वकिलाची फी विचारली आणि माझा राग आपोआप शांत झाला.

अपडेट: इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मध्ये डिसेंबर आला. फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली, त्यांनी स्लिपा मान्य केल्या, ११३ युरो भरून घेतले आणि कार्ड छापायला गेलं. म्हणजे वर जे २८ महिन्यांचं गणित मांडलं ते माझ्या बाबतीत पूर्ण खरं ठरलं नाही. पण २१ महिनेही खरे ठरले नाहीत. हातात निर्णय आला तेव्हा २७ महिने झालेच होते. ए१वाला सहकारी हे ऐकून हसला आणि त्याने अर्ज टाकला. त्याच्याही उताऱ्यात सध्या डिसेंबर २०२४पर्यंतच नोंद आहे, तेव्हा बघू.

मग बी१ वाया गेलं का? नागरिकत्वाला बी१ लागतंच, पाच वर्षांनंतर. तीन वर्षांची फास्ट ट्रॅक सवलत ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून टाकली, त्यामुळे तिकडेही घाई करण्यात अर्थ उरलेला नाही. ज्यांची कंपनी धडधाकट आहे त्यांनी बी१ सवडीने करावं. मी घाई केली कारण मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरवलं, बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३ हजार जाहीर केल्या. ब्लू कार्डावर नोकरी गेली की नवी नोकरी शोधायचं घड्याळ सुरू होतं, पीआरवर होत नाही. तेवढ्यासाठी मी पुन्हा बी१ देईन. त्या ६ युरोंबद्दल मात्र बोलू नका.

कार्डावर ‘मुदत नाही’ असं असलं तरी सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात तर ती पीआर साधारणपणे रद्द होते. आईवडिलांसाठी गावी लांबचा मुक्काम करायचा बेत असेल तर निघण्याआधी ऑफिसकडून लेखी परवानगी घ्या.

आता बायकोच्या फाइलचं काम काढलंय. ती मार्चमध्ये नोकरीला लागली, म्हणजे तिचं पहिलं वर्ष फेरलाउफमध्ये पुढच्या महिन्यात दिसेल. घराच्या करारावर मात्र तिचं नाव नाही, आणि घरमालक म्हणतायत की नवा करार करायचा तर भाडंही नवं.