हौदात उतरणाऱ्या शिंगरासाठी आपोआप भरणारं भांडं: सहा महिन्यांचा अनुभव

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेलं आमचं दोन वर्षांचं शिंगरू पाण्याचं भारी वेडं. कुरणातल्या सिमेंटच्या हौदात पुढचे दोन्ही पाय घालायचं आणि खुरांनी पाणी उडवत राहायचं. तासाभरात हौद निम्मा रिकामा, भोवती चिखल, उरलेल्या पाण्यात माती. म्हातारी घोडी त्याला तोंड लावेना. एकदा काठावर त्याचा गुडघा सोलवटला, तेव्हा मी धसकाच घेतला.

मग बिडाचं, आत फ्लोट (पाणी उतरलं की नळ उघडणारा आणि भरलं की बंद करणारा तरंगता गोळा) असलेलं 4 लिटरचं भांडं घेतलं आणि सव्वातीन फुटांवर खांबाला आवळलं. तिथे पाय घालता येत नाही. पाणी कायम ताजं, रोज फडक्याने पुसलं की झालं.

फ्लोटवरचं झाकण मात्र कच्चं. पहिल्याच आठवड्यात पठ्ठ्याने ओठांनी चाचपून स्क्रू ढिला केला, रात्रभर पाणी वाहिलं. लॉकनट बसवल्यावर थांबलं. ते कंपनीनेच द्यायला हवे होते.

घोडा किती प्यायला हेही कळत नाही. घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 45 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. पाणी कमी पडलं तर पोटात शूळ उठू शकतो. म्हणून पाइपवर छोटा मीटर बसवलाय, सकाळी आकडा बघतो. पाइप जमिनीत गाडा, नाहीतर एप्रिलमध्ये पाणी कढत येतं.

भांडं घ्याच. शिंगराला खेळायला आता ट्रॅक्टरचं जुनं टायर दिलंय, दिवसभर तेच ढकलतं.