लॅपटॉप नवा, पण पंखा थांबेना: सहा महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद होणार होती आणि माझ्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून सप्टेंबरमध्ये हा नवा घेतला. ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, चार कोअर व आठ थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी आठ कामे समांतर चालवू शकणारा प्रोसेसर. माझे काम टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये उघडलेले जीएसटीचे पोर्टल एवढेच. एवढ्या कामासाठी हे यंत्र पुरेसे आहे, असे मी आज खात्रीने सांगू शकते. पहिल्या तीन महिन्यांत मात्र मी ते परत करण्याच्या विचारात होते.

तक्रार एकच होती. कोणताही प्रोग्राम उघडलेला नसताना पंखा सुरू राहायचा. सकाळी लॅपटॉप उघडला की पाच मिनिटांत डाव्या बाजूच्या जाळीतून गरम हवा येऊ लागे, टॅलीत व्हाउचर टाकताना अक्षरे बोटांच्या मागून उमटत आणि बॅटरी जेमतेम अडीच तास टिके. पहिल्या आठवड्यात मी याची काळजी केली नाही. नव्या यंत्रावर विंडोज फाइलींची शोधसूची तयार करत असते, अपडेट्स उतरवून बसवत असते, वनड्राइव्ह जुन्या फाइली खाली ओढत असतो. ही कामे दोन-चार दिवसांत आपोआप संपतात आणि त्यात हात घालू नये, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. पण दिवाळी उलटली तरी पंखा थांबला नाही, तेव्हा कारण वेगळे असले पाहिजे हे उघड झाले.

त्यानंतर मी यंत्रासोबत आलेल्या चाचणी मुदतीच्या अँटिव्हायरसवर संशय घेतला आणि तो काढून टाकला. तो काढताच विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू झाला, त्यामुळे संरक्षण गेले नाही. लॅपटॉप सुरू होण्याचा वेळ निम्म्यावर आला आणि सतत उगवणाऱ्या नूतनीकरणाच्या सूचनाही गेल्या, म्हणून सारा दोष त्याचाच होता, असे मी घरी सांगूनही टाकले. ते मत मला दोन दिवसांत बदलावे लागले, कारण पंखा तसाच होता.

नोव्हेंबरच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, लॅपटॉप इतका अडखळू लागला की तीन व्यापाऱ्यांची विवरणपत्रे मला जुन्या यंत्रावरून भरावी लागली. दुसऱ्याच दिवशी मी सेवा केंद्रात गेले. तेथील तंत्रज्ञाने यंत्र उघडून पाहण्याआधीच सांगितले, “मॅडम, आठ जीबीत आता काही होत नाही, रॅम वाढवून घ्या,” आणि सहा हजारांचा अंदाज लिहून दिला. कोणता प्रोग्राम किती रॅम व प्रोसेसर वापरतो हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर मी त्याला उघडून दाखवला. रॅम साडेपाच जीबीच वापरात होती, दोन जीबीहून अधिक मोकळी होती, आणि राबत होता तो प्रोसेसर. त्यावर त्याने विंडोज पुन्हा टाकून पाहण्याचा सल्ला दिला. त्याचे पैसे वेगळे. वॉरंटीतल्या यंत्राचे निदान न करताच ग्राहकाला खर्च सांगितला जातो, याचा मला मनापासून राग आला आणि मी लॅपटॉप घेऊन परत आले.

कारण सापडले ते एका आकड्यामुळे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘डिटेल्स’ हे पान प्रोसेसरच्या वापरानुसार लावले, की ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ही रिकाम्या वेळेची नोंद सोडली तर विंडोजचाच ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’ सर्वांत वर दिसे, आणि त्याचा आकडा १२ किंवा १३ टक्क्यांवरून हलत नसे. आठ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड म्हणजे साडेबारा टक्के. म्हणजे एक थ्रेड पूर्ण वेळ त्याच कामात अडकलेला होता. एरवी १२ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो आणि मीही तो महिनाभर दुर्लक्षिला होता.

हा होस्ट स्वतः दोषी नसतो. यंत्राविषयीची माहिती दुसरा एखादा प्रोग्राम त्याच्याकडे मागतो आणि तो ती पुरवतो. म्हणून त्याला बंद करून उपयोग नाही, मागणारा शोधावा लागतो. त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘डब्ल्यूएमआय-अॅक्टिव्हिटी’ आणि शेवटी ‘ऑपरेशनल’ असे जायचे. तिथे ५८५८ क्रमांकाच्या त्रुटींची रांग लागली होती, दर काही सेकंदांना एक. प्रत्येक नोंदीत ‘क्लायंटप्रोसेसआयडी’समोर एक क्रमांक असतो, तोच क्रमांक टास्क मॅनेजरच्या ‘पीआयडी’ या स्तंभात शोधायचा. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर हे क्रमांक बदलतात, म्हणून दोन्ही ठिकाणी एकाच बैठकीत पाहावे.

माझ्या यंत्रावर तो क्रमांक लॅपटॉप कंपनीनेच आधीपासून बसवून दिलेल्या मदतनीस प्रोग्रामचा निघाला. वॉरंटी किती उरली, बॅटरीची प्रकृती कशी आहे, हे दाखवण्यासाठी तो तीच विचारणा अखंड करत होता. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन त्याची पडद्याआड चालणारी सेवा थांबवली, ‘डिसेबल्ड’ केली आणि साधारण एका मिनिटात पंखा थांबला. तीन महिन्यांत प्रथमच मला त्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

जानेवारीत त्या प्रोग्रामने स्वतःला अद्ययावत करून घेतले आणि सेवा पुन्हा चालू झाली, तेव्हा मी तो पूर्ण काढून टाकला. आता काम नसताना प्रोसेसर दोन ते चार टक्क्यांवर असतो आणि बॅटरी पाच तासांच्या आसपास जाते. रॅम तीच ८ जीबी आहे. बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) आणि ड्रायव्हर्सची (यंत्राचे भाग चालवणाऱ्या प्रोग्रामांची) अपडेट्स कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा अनुक्रमांक टाकून मी दोन महिन्यांतून एकदा स्वतः उतरवते, त्याला पंधरा मिनिटे लागतात. फेब्रुवारीच्या २० तारखेला अकरा विवरणपत्रे याच लॅपटॉपवरून भरली. जुना लॅपटॉप मी त्या दिवशी कपाटातून काढलाही नाही.