ग्लोबल फॉरेस्ट वॉच वापरून बघितलं, फुकट आहे पण जरा जपून

दोडामार्गला मामाकडे गेलो होतो, तिथे समोरच्या डोंगरावरच्या झाडांचा विषय निघाला म्हणून रात्री बसल्या बसल्या ही जगभरातली झाडी नकाशावर दाखवणारी साइट उघडली. लॉगिन नाही, पैसे नाहीत, झूम करत गेलं की २००० नंतर जिथे जिथे झाडं गेली तिथे गुलाबी ठिपके. एक ठिपका म्हणजे ३० बाय ३० मीटर, लँडसॅट उपग्रहाचा डेटा. मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या मॅथ्यू हॅन्सन आणि टीमने २०१३ मध्ये साडेसहा लाखांवर लँडसॅट इमेजेस गूगलच्या कॉम्प्युटरवर चालवून पहिला नकाशा काढला, आणि आता तो मामासुद्धा बोटाने सरकवतोय, भारीच ना!

पण एक मोठी गोम आहे, ५ मीटरपेक्षा उंच ते सगळं 'झाड', मग रबराची बागसुद्धा हिरवीच. म्हणजे जंगल तोडून रबर लावलं तर नंतर त्या बागेलाही झाडी समजू शकतं, आणि म्हातारं रबर तोडलं तरी गुलाबी. मामा म्हणाला, "अरे, आपल्या काजूक पण हे जंगल म्हणतले की काय!"

पावसाळ्यात लँडसॅटला ढगांमुळे दिसत नाही, ढगांतून बघणाऱ्या रडारवरून झाडतोडीचे अलर्ट नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन युनिव्हर्सिटीने केलेत, तेही साइटवर आहेत.

माझे ५ पैकी ४ स्टार. लॅपटॉपवरच बघा, माझ्या फोनवर गावच्या नेटमध्ये नुसतं चाक फिरत होतं.