‘दुसरी पार्टी’ खरोखर होती : फोंड्यातील एका मालमत्ता एजंटाच्या सेवेचा अनुभव

गोव्यात घर शोधणाऱ्याला हमखास ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे “दुसरी पार्टी तयार आहे”. म्हापशातील एका दलालाने ते आम्हांला तीन वेगवेगळ्या फ्लॅटांसाठी ऐकवले होते आणि दर वेळी ती पार्टी दिल्लीची, पूर्ण रक्कम एकदम देणारी आणि उद्या सकाळच्या विमानाने येणारी असे. त्यांतल्या एका फ्लॅटाची जाहिरात पाच महिन्यांनी त्याच किमतीला पुन्हा दिसली. त्यामुळे फोंड्यात कुर्टी येथील दोन बेडरूमच्या जुन्या फ्लॅटासाठी या एजंटानेही तेच वाक्य उच्चारले, तेव्हा माझ्या पत्नीने पर्स खांद्याला लावली होती.

त्याने आम्हांला थांबवले नाही. फक्त कोणती गोष्ट सांगता येईल आणि कोणती नाही, ते स्पष्ट केले. दुसरी ऑफर लेखी आलेली आहे, तिचा आकडा तुम्हांला कळणार नाही आणि तुमचा त्यांना कळणार नाही, दोघांनीही शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत एकदाच अंतिम ऑफर बंद पाकिटात द्यावी आणि ती पाकिटे मालकांसमोरच उघडली जातील, असे त्याचे म्हणणे होते. त्याने एका झेरॉक्सच्या मागे चार रकाने आखले : रक्कम, कर्जाची स्थिती, टोकन म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम आणि ताबा. मालकांच्या मुलीची परीक्षा एप्रिलमध्ये असल्याने त्यांना मे अखेरपर्यंत घर सोडायचे नव्हते आणि आमच्या दृष्टीने ही माहिती किमतीच्या अंदाजापेक्षा मोलाची होती. ती दुसऱ्या पार्टीलाही दिली आहे का, असे मी विचारले, तेव्हा त्याने नंबर अंगठ्याने झाकून व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश दाखवला. त्यात हेच चार मुद्दे आणि हीच वेळ होती.

निर्णय घेताना पती-पत्नी दोघेही समोर असले पाहिजेत, हा त्याचा आग्रहही मला पटला. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. नुसत्या नवऱ्याच्या तोंडी होकारावर टोकन देऊन बसलेली माणसे आमच्या नात्यातच आहेत. टोकनाबाबतही त्याने गैरसमज दूर केला. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्याचे कलम १३ बिल्डरला नोंदणीकृत साठेकराराशिवाय (विक्रीपूर्व कराराशिवाय) १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ देत नाही, परंतु जुन्या फ्लॅटाच्या पुनर्विक्रीत ते आधाराला येत नाही. म्हणून कर्ज नाकारले गेल्यास किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास टोकन किती दिवसांत परत मिळेल, हे त्याने पावतीवरच लिहून घेतले.

आता उणिवा. दलाली तो दोन्ही बाजूंकडून घेतो, हे त्याने आमची ऑफर मान्य झाल्यावर सांगितले. विक्री जितकी चढ्या भावाने होईल तितकी त्याची टक्केवारी वाढते, त्यामुळे पाकिटांची गोष्ट काढण्यापूर्वीच हे सांगायला हवे होते. शिवाय गुरुवारी दुपारी मुदत सांगून शनिवारी ती संपवणे घाईचे होते. बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र आमच्या हाती आधीपासून होते म्हणून निभावले. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांनी दोन दिवसांत काय करावे? या दोन कारणांसाठी मी पाचपैकी चारच तारे देतो.

नोंदणीच्या दिवशी उपनिबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर आमचा क्रमांक येण्याची वाट पाहत असताना मालकीणबाईंनी आपणहून विषय काढला. दुसऱ्या पार्टीने आमच्यापेक्षा दीड लाख रुपये अधिक देऊ केले होते, पण त्यांचे पैसे वास्कोतील जुना फ्लॅट विकला गेल्यावरच येणार होते आणि ताबा त्यांना मार्चमध्येच हवा होता. “मुलीची परीक्षा सोडून घर कसं हलवणार होतो आम्ही?” असे त्या म्हणाल्या, तेवढ्यात आतून आमचा पुकारा झाला.