टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर? जुन्या पद्मिनीचा लहरी करंट

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना हेडलाइट जातात, आणि पोवई नाक्याजवळ वायरमनसमोर गाडी लावली की झकास पेटतात. जुन्या प्रीमियर पद्मिनीचा हा लपंडाव पकडायला हातात काय घ्यावं?

मल्टिमीटर अचूक खरा, पण इथे तोच चकवतो. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो करंट जवळपास ओढतच नाही. वायरचा एकच धागा शाबूत असला किंवा फ्यूजच्या टोकाला गंज धरला असला, तरी आकडा १२ व्होल्टच. टेस्ट लॅम्पला, म्हणजे दोन वायरी जोडलेल्या साध्या बल्बला, खरा करंट लागतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब वापरला तर जवळपास पावणेदोन अँपिअर. कच्च्या जोडावर तो लगेच मिणमिणतो. शिवाय एका हाताने वायरिंग हलवत बल्बवर नजर ठेवता येते. क्षणभर तुटणारा संपर्क साध्या मीटरच्या आकड्यात बऱ्याचदा दिसतच नाही.

मीटरची खरी गरज अर्थिंग, म्हणजे करंटचा बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायचा रस्ता, तपासायला. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, की अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासायची. बॅटरीचं चार्जिंग तपासायलाही मीटरच हवा.

मी तरी आधी बल्बच उचलेन. साताऱ्यात तो कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. फक्त फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाडीत, कंप्युटरच्या वायरींना तो लावू नका.