तबल्याची बॅग, एक चुंबळ आणि माझ्या बाहुल्या: दोन वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू तबल्याच्या बॅगेचा आहे पण मला तबल्यातला धा पण कळत नाही. माझ्याकडे तीन बाहुल्या आहेत, दोन ब्लाइथ आणि एक रेझिनची बॉल जॉइंटेड (गोल सांध्यांची, हातपाय वळतात ती). त्यांना डोंबिवलीहून पुण्याला मैत्रिणींकडे नेताना आत्तापर्यंत मी टिफिनची पिशवी, कॅमेरा बॅग, ट्रायपॉडचं कव्हर, शिवून घेतलेली बॅग असं काय काय वापरून बघितलं, आणि त्यातली ही एकच निघाली जिची झिप पोचल्यावर उघडताना पोटात गोळा येत नाही.

ज्यांना ब्लाइथ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण बार्बीच्याच उंचीची बाहुली, २८ सेंटीमीटरच्या आसपास, पण डोकं एवढं मोठं की बघणारा पहिल्यांदा हसतोच. डोक्याच्या मागून एक दोरी येते, ती ओढली की डोळे मिटतात आणि उघडतात तेव्हा रंग बदललेला, असे चार रंग. १९७२ मध्ये अमेरिकेत केनर कंपनीने काढली, एका वर्षात बंद केली, पोरं घाबरायची म्हणे. मग पंचवीसेक वर्षांनी न्यूयॉर्कच्या जिना गारन या बाईने आपली जुनी ब्लाइथ जाईल तिथे सोबत नेऊन फोटो काढायला सुरुवात केली, त्यातून ती परत गाजली आणि २००१ पासून जपानच्या टाकाराने नव्याने काढली. म्हणजे ही बाहुली आज आहे तीच मुळात कोणीतरी तिला बॅगेत घालून फिरवली म्हणून. आणि तरी तिच्या मापाची धड बॅग आपल्याकडे दुकानात मिळत नाही! बाहेरून मागवायची तर शिपिंग बघूनच मी टॅब बंद करते. बाहुल्यांचीच रड कमी नाही, खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे आहेत त्याच जपायच्या असं घरात ठरलंय (घरात म्हणजे मी आणि माझं क्रेडिट कार्ड).

आता प्रॉब्लेम काय असतो ते सांगते, कारण तो कळल्याशिवाय बॅग निवडता येत नाही. लोकांना वाटतं बाहुली पडून फुटेल. पडून क्वचितच फुटते हो. खरं नुकसान घासून होतं. ब्लाइथचं डोकं जड आणि मान बारीक, त्यामुळे आडवी ठेवली की गाडीच्या प्रत्येक हिसक्याला डोकं डावीकडे उजवीकडे लोळतं आणि गाल कापडाला घासत राहतो. ज्यांचा चेहरा कस्टम रंगवलेला आहे त्यांच्या गालावरची लाली म्हणजे सॉफ्ट पेस्टलची पूड असते, वरून मॅट स्प्रेचा पातळ थर, बास. तो थर चार तास घासला की गेला.

माझी चिंगी (पहिली ब्लाइथ) मी पहिल्यांदा नेली तेव्हा शहाणपणा करून बबल रॅपमध्ये गच्च गुंडाळली आणि आईच्या टिफिनच्या जाड पिशवीत उभी घातली, ती आतून चंदेरी असते ना, गरम राहायला, तसली. मला वाटलं काय भारी आयडिया. पुण्यात उघडलं तर बबल रॅपचे गोल गोल ठसे कपाळावर पावडरीत उमटलेले, एका डोळ्याची पापणी सुटून केसात अडकलेली आणि मागच्या दोरीची रिंग रॅपमध्ये गुंतल्यामुळे डोळे अर्धवट मिटून तिथेच जाम. दारू प्यायल्यासारखी दिसत होती बिचारी. पापणी चिकटवली, डोळे सुटले, पण गालाचं काम परत करून घ्यायला १८०० रुपये गेले.

मग कॅमेरा बॅग. आतले वेलक्रोचे पार्टिशन हवे तसे लावता येतात म्हणून सगळेच आधी हीच सुचवतात. माझी २४०० ला पडली. चांगली आहे, वाईट म्हणणार नाही, पण दोन गोष्टी. एक म्हणजे पार्टिशनच्या वेलक्रोची काटेरी बाजू कुठे ना कुठे उघडी राहतेच आणि ब्लाइथचे केस, मोहेअर (बकरीच्या लोकरीचे) असतील तर विचारूच नका, त्यात असे अडकतात की कात्री घ्यावीशी वाटते. दुसरं, आतलं अस्तर काळं किंवा गडद राखाडी. गडद कापडाचा रंग रेझिनला आणि व्हिनाइलला लागतो, घामट हवेत तर नक्कीच, आणि एकदा आत मुरला की निघत नाही. मी पांढरा सुती पंचा अंथरून वापरली, पण मग पंचा गोळा होतो, पार्टिशन सरकतं, म्हणजे परत तेच. आणि लोकलमध्ये कॅमेरा बॅग बघून माणसं वेगळ्याच नजरेने बघतात ते वेगळं.

तबल्याची बॅग मिळाली ती योगायोगाने. पुण्यात पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात भाच्याच्या डग्ग्याला चामडं बसवायला टाकलेलं, ते आणायला गेले होते. भिंतीला जोडीच्या बॅगा टांगलेल्या, दोन गोल कप्पे शेजारी शेजारी, एक उंच तबल्याचा, एक रुंद डग्ग्याचा. मी पर्समधून टेप काढली. काकांनी विचारलं, कितीचा तबला आहे ताई, पाच इंची का साडेपाच? मी म्हटलं उंची सांगा काका, आतून. ते म्हणाले उंची कोणी विचारत नाही. मोजलं तर साडेअकरा इंच. चिंगी शूज काढून अकरा. मी तिथेच खरं काय ते सांगितलं, त्यावर काका दोन मिनिटं गप्प, मग आतून अजून एक बॅग काढून म्हणाले मग ही घ्या, हिचा फोम जाड आहे, तिकडची नुसती दिखाऊ आहे. ८५० रुपये. या दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच, कारण हसले नाहीत आणि महागडी गळ्यात मारली नाही.

आणि खरी युक्ती पण त्यांचीच. तबल्याखाली कापडाची गोल चुंबळ असते ना, तसली एक हातात देऊन म्हणाले, ही मानेत घाला तिच्या. अहो काय सांगू! बाहुली कप्प्यात उभी करायची, पायाखाली फोमचा तुकडा, मग वरून चुंबळ खांद्यापर्यंत उतरवायची. डोक्याचा मागचा भाग आणि हनुवटीची खालची कड चुंबळीवर टेकते, खांदे तिच्यात धरले जातात आणि चेहऱ्यासमोर सगळीकडून बोटभर मोकळी हवा राहते. चेहऱ्याला काही म्हणजे काहीच लागत नाही. सगळे लोक चेहऱ्यावर मऊ काय घालायचं याच्या मागे असतात, मी पण होते, पण चेहऱ्यावर काही घालायचंच नाही, धरायचं ते अंगाला आणि मानेला. तबला नेणाऱ्यांना हे कधीपासून माहितीये, त्यांच्या पुडीला (तबल्याच्या वरच्या चामड्याला) पण काही घासून चालत नाही.

दुकानातली चुंबळ लाल होती, ती परत केली (रंग!). आईने जुन्या पांढऱ्या धोतराची गुंडाळून, वरून टाके घालून दिली. कप्प्याला आतून गोधडीचं अस्तर पण तिनेच केलं, तीन पदरी सुती, धुवून धुवून मऊ झालेलं कापड, आणि ते वेलक्रोने नाही तर नाडीने बांधलेलं, म्हणजे काढून धुता येतं. केसांना मी पातळ स्टॉकिंगचा तुकडा टोपीसारखा चढवते आणि दोरीची रिंग कागदी टेपने डोक्याच्या मागे त्या स्टॉकिंगवरच चिकटवते, थेट केसांना टेप लावू नका, गोंद राहतो.

परीक्षा म्हणाल तर कल्याण ते पुणे इंद्रायणी. कर्जतला घाट चढायला मागून बँकर इंजिन लावतात तेव्हा जो दणका बसतो त्याला माझ्या कॅमेरा बॅगेतली बाहुली दर वेळी कलंडायची. तबल्याच्या बॅगेत मी मुद्दाम लोणावळ्याला झिप उघडून बघितलं, चिंगी जशीच्या तशी सरळ समोर बघत होती. शेजारचे आजोबा वाकून बघत होते, त्यांनी तबला असेल म्हणून मान हलवायची तयारी ठेवली होती, पुढचं तुम्ही समजून घ्या.

डग्ग्याच्या कप्प्यात दुसरी ब्लाइथ मावते पण रुंदी जास्त म्हणून भर घालावी लागते, मी तिथे सहसा कपडे, शूज आणि स्टँड ठेवते. बाहेर हातोडीसाठी खिसा असतो त्यात कंगवा आणि ब्रश बरोब्बर बसतात.

तोटे पण लिहिते. नवीन असताना रेक्झिनचा वास एवढा की आठवडाभर गॅलरीत उघडी ठेवावी लागली. पाऊस अजिबात अडवत नाही, शिवणीतून पाणी येतं, जुलैमध्ये वरून प्लास्टिकची मोठी पिशवी हवीच आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पट्टा एकच, तो खांद्याला कापतो. आणि झिप गोल फिरताना एका वळणावर अडते, तिथे घाई केली की स्टॉकिंग धरते. बॅगेला पाचपैकी चार.

रेझिनवाली ४२ सेंटीमीटरची आहे, ती यात जात नाही. तिच्यासाठी ट्रायपॉडचं लांब कव्हर घेतलं ३५० ला, आणि ते म्हणजे नुसतं कापडी नळकांडं, फोम नावाला. या बाहुल्या आतून इलॅस्टिकने ओवलेल्या असतात, ताण एवढा असतो की आडवी ठेवली आणि गुडघा वाकून सुटला तर तो लाथ मारल्यासारखा उडतो, सांध्यावर रेझिन रेझिनला आपटतं आणि टवका जातो. त्यामुळे गुडघे आणि कोपरं मऊ कापडी पट्टीने बांधायची, बोटं वेगळी गुंडाळायची (बोटं सगळ्यात आधी मोडतात), चेहऱ्याला बाहुलीसोबत आलेला कडक पारदर्शक मास्क. एवढं सगळं केल्यावर मग कुठलंही कव्हर चालतं. म्हणून ट्रायपॉड कव्हरला दोन, ते पण लांबीचे. उन्हात मात्र गाडीत ठेवू नका, रेझिन उन्हाने पिवळं पडतं.

बॅग शिवून पण घेतली होती एकाकडे, नाव लिहीत नाही. माप कागदावर दिलं, पांढरं अस्तर सांगितलं, १२०० ॲडव्हान्स. तीन आठवडे आज देतो उद्या देतो, आणि शेवटी आली ती मरून वेल्वेटची. का? तर "मॅडम दागिन्यांच्या डब्याला असंच छान दिसतं." आता त्यात आई सुया ठेवते.

थर्माकोलचा डबा करावा असं पण खूप जण सांगतात. थर्माकोलच्या बऱ्याच वस्तूंवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे ते सोडा, मऊ व्हिनाइलमधलं प्लास्टिसायझर थर्माकोलला लागलं की थर्माकोल विरघळून बाहुलीला चिकटतं. अजिबात नको.

ही ने-आण करायची कटकट जुनीच आहे म्हणा. दिल्लीचं शंकर्स डॉल्स म्युझियम, १९६५ चं, तेसुद्धा यातूनच झालं असं सांगतात. व्यंगचित्रकार शंकर मुलांच्या चित्रांसोबत बाहुल्यांचं प्रदर्शन गावोगाव न्यायचे, बांधाबांध आणि सोडासोड करून बाहुल्या खराब व्हायला लागल्या, हे त्यांनी बोलून दाखवल्यावर इंदिरा गांधींनी कायमची जागाच करा असं सुचवलं. आपल्याला कोण सुचवणार, आपण चुंबळ करायची.

आता एका मैत्रिणीची ६० सेंटीमीटरची आमच्याकडे मुक्कामाला यायचीये आणि मी पखवाजाच्या कव्हरवर डोळा ठेवून आहे. लांबी पुरेल, आतला व्यास कळत नाहीये. कोणाच्या घरी पखवाज असेल तर कव्हर आतून मोजून सांगा ना, मधला फुगीर भाग नको, दोन्ही टोकांचं माप.